चॉकलेटी कड

याकोबमामा बरोबर चार वाजता रंगाचा डबा बंद करायचे. खोली अर्धी राहिलेली असो, उद्या पाहुणे येणार असोत, नाहीतर घरमालकीण डोळे वटारून समोर उभी असो. ब्रश टर्पिनमध्ये खळबळायचा, जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसायचा, झाकणावर चारी बाजूंनी अंगठा दाबायचा आणि "येतो ताई" म्हणून मोपेड चालू करायची. त्यातली डोळे वटारलेली घरमालकीण मी.

चार वर्षांपूर्वी आम्ही खुटबावला शेतात घर बांधलं. तिथं सासूबाई राहतात, त्यांना मी आत्या म्हणते. मी आणि नवरा कारेगावला खोली करून राहतो आणि सुट्टी मिळाली की खुटबावला पळतो. मी रांजणगावच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये तपासणीला आहे. पत्र्यावर रंगाचा ओघळ आला, बोट उमटलं, छटा जरा इकडची तिकडे झाली, की मी लाल चिठ्ठी लावून माल बाजूला काढते. दोष काढायचाच पगार मिळत असल्यामुळे ही सवय घरीही सुटत नाही, असं नवरा म्हणतो. त्याचा हा दोष मी अजून काढू शकलेली नाही.

मामांचं नाव माझ्या शिरूरच्या एका मैत्रिणीनं सुचवलं. "एकटेच काम करतात, सावकाश करतात, पण कड बघ त्यांची," ती म्हणाली. दोन रंग जिथं भेटतात ती रेघ म्हणजे कड. हल्ली रंगारी चिकटपट्टी लावून ती साधतात. मामा अडीच इंची ब्रश घेऊन, श्वास रोखून, हातभर रेघ एका दमात मारायचे आणि मग एवढा मोठा सुस्कारा सोडायचे की आत्या आतून विचारायच्या, "काय झालं वं?"

साठीच्या पुढचा उंच, वाळका माणूस. अंगात पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. रंगाऱ्याच्या कपड्यांवर त्यानं रंगवलेल्या सगळ्या घरांचे नमुने असतात, मामांच्या कपड्यांवर एक ठिपका नव्हता. मी कौतुक केलं तर म्हणाले, "मला लागतं पांढरंच." एवढंच. काम करताना चर्चमधली गाणी गुणगुणायचे, शब्द बहुतेक विसरलेले, चाल पक्की. आणि ओल्या रंगाला कुणी हात लावला की एरवी हळू बोलणारा हा माणूस दचकून ओरडायचा, "वल्लंय! वल्लंय!" मग तिथली बोटाची खूण आधी मोडायची, तेव्हाच पुढचं काम. त्या बाबतीत आमचं गोत्र एक होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला. त्यात पाहून ठेवलेली एक बैठकीची खोली होती. तीन भिंती पांढऱ्या, चौथी गडद तपकिरी, आणि बाकी सगळं, फरशीपासून बटणांपर्यंत, पांढरंशुभ्र.

"ही भिंत अशीच हवी. एस्प्रेसो," मी म्हणाले.

मामांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "कंची एक्स्प्रेस?"

"एक्स्प्रेस नाही हो. एस्प्रेसो. रंगाचं नाव आहे."

"आसं व्हय. मला वाटलं दौंडला थांबती का काय."

आत्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि तेवढ्यात त्यांनी डाव साधला. "चॉकलेटी म्हण की सरळ. आन् बैठकीत चॉकलेटी भिंत? गोठा करतीस का घराचा?"

मी शेड कार्डावरचा नंबर दाखवायला लागले. मामांनी कार्डाकडे पाहिलंच नाही. ते आत्यांसमोर उकिडवे बसले. "आत्या, तुमी कुठं बसनार हाय ह्या खोलीत?"

"मी? मी कशाला बसती तिथं. मी आपली वसरीला."

"बसला तर?"

आत्यांनी बोट दाखवलं ते नेमकं त्या चौथ्या भिंतीकडे. तिथून रस्ता दिसतो, शिवाय घरात कोण काय करतंय तेही दिसतं.

"मग तुमच्या पाठीमागं कंचं चॉकलेटी पायजे, ते तुमीच सांगा."

आत्या आत गेल्या आणि ट्रंकेतून एक जुनं घोंगडं घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेला घरात मेंढरं होती, हे त्या मेंढरांच्या लोकरीचं. मूळचं काळं, पण उन्हापावसानं त्याच्या एका बाजूला एक खोल, ऊबदार तपकिरी रंग चढला होता. मामांनी घोंगडं हातावर घेतलं, उलटं केलं, दारात उन्हात नेलं, पुन्हा सावलीत आणलं. मग काळा, तांबडा आणि पिवळा असे तीन डबे उघडून काठीनं कालवायला बसले. माझा नंबर तिथंच वारला. संध्याकाळपर्यंत ती भिंत घोंगड्याच्या रंगाची झाली होती. आत्यांना तिथं बसवून मामा मला म्हणाले, "बघा ताई. भित अंधारी झाली की म्होरलं मानूस उजळतं." खरंच, आत्यांचे पांढरे केस, कपाळावरचं कुंकू, हिरवं लुगडं, सगळं लख्ख दिसत होतं. आत्यांनी गोठ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

तरी माझी खुमखुमी होतीच. दुसऱ्या दिवशी भिंतीला दुसरा हात द्यायचा म्हणून मामांनी रंग नव्यानं कालवला, पुन्हा नुसत्या नजरेनं. मी दोन्ही दिवसांचा रंग पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर घेतला आणि मधे एक दिवस ड्युटीला जावं लागलं तेव्हा कारखान्यातल्या छटा मोजायच्या मशीनखाली ठेवला. दोन्हींत फरक जवळजवळ नव्हता. आमच्या लाइनवर सकाळच्या आणि दुपारच्या मालात याहून जास्त फरक पडतो, आणि तो आम्ही पास करतो. परत आल्यावर मी ही बातमी मोठ्या थाटात मामांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मशीन चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले.

एवढा हात असलेला माणूस रोज चारला उठून जातो, याचा मला म्हणूनच जास्त राग यायचा. त्या दिवशी मी दारात आडवी उभी राहिले. "मामा, साडेपाच-सहापर्यंत चांगला उजेड असतो. अजून एक भिंत होईल."

"हितं असतो ताई. आमच्या घरात लवकर मावळतो."

मग मोपेडच्या सीटवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. त्यांची बायको मार्था. आधी साड्यांना फॉल लावायची, शिरूरच्या निम्म्या बायकांच्या साड्या तिच्या हाताखालून गेलेल्या. सुई ओवता येईना तेव्हा डॉक्टरकडे नेली. डोळ्याचा पडदा खराब झालेला. गेलेली नजर परत यायची नाही आणि राहिलेली हळूहळू जाणार. "उजेडात अंधुक दिसतं. तिन्हीसांजेला तेवढंबी न्हाई. एकदा उंबऱ्याला अडकून पडली, तवापासनं मी नसलो की जागची उठत न्हाई. लेक पुण्याला आसती. म्हणती, दोगंबी फ्लॅटवर या. मार्था म्हणती, हितं मला घर ठावं हाय, तिथं मी नुसती सोफ्यावर ठिवलेली ऱ्हाईन. मग आमचं तिघांचं ठरलंय. जवर ती आपल्या पायानं चुलीपासनं भायेरच्या दारापत्तुर येती, तवर आमी शिरूरला. ज्या दिवशी येईना, त्या दिवशी पुणे."

मला वाईट वाटलं. मी दारातून बाजूला झाले. पण वाईट वाटणं आणि शहाणपण येणं यांत बरंच अंतर असतं, ते शेवटच्या दिवशी कळलं.

शेवटच्या दिवशी मी केडगावच्या बाजारातून परत आले तर ओसरीच्या पांढऱ्या पायरीच्या काठाला दोन बोटं रुंद गडद चॉकलेटी रेघ. आत गेले. न्हाणीच्या दाराला चौकटभर तीच रेघ. स्वयंपाकाच्या ओट्याच्या काठाला. दिव्याच्या बटणांभोवती. माझं चित्रातलं पांढरंशुभ्र घर दुःखद निधनाच्या पत्रासारखं चौकटीत बसलं होतं.

"मामा, हे मी सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मग?"

"आत्या पायरीवर पाय चाचपडत्यात. चार दिस बघतोय. पांढऱ्यात पांढरं, कळतच न्हाई त्यास्नी पायरी कुठं सपली."

"मला समदं दिसतंय!" आत्या आतून ओरडल्या. वय झालं म्हटलेलं त्यांना आजही खपत नाही.

मला एवढंच निमित्त पुरलं. "ऐकलंत? पुसा ते सगळं. असले पट्टे तुमच्या घरी काढा."

"काढल्यात की ताई," मामा म्हणाले. त्या स्वरात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फडकं टर्पिनमध्ये बुडवलं आणि स्वतः मारलेली एकेक रेघ पुसली, इतकी स्वच्छ की लाल चिठ्ठी लावायला जागा राहिली नाही. चार वाजले. ते गेले.

पंधराच दिवसांत फोन आला. ताकाचं भांडं घेऊन ओसरीवर येताना आत्यांची पायरी चुकली. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि तीन आठवडे अंथरूण. मी गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पायरी हललीवती."

पायरी हलली नव्हती. पायरीची कड मी पुसायला लावली होती, आणि त्यांच्या डोळ्यांबद्दल बाहेरच्या माणसाला जे चार दिवसांत कळलं ते मला लग्नानंतरच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. मी फार रडले, तेही मोरीत जाऊन, कारण आत्यांना ते आवडलं नसतं.

त्या रविवारी मी शिरूरला गेले. चर्चच्या मागच्या गल्लीत याकोब पेंटरचं घर विचारावं लागत नाही. जाड पेनानं कागदावर काढल्यासारखं ते दिसतं. सगळ्या भिंती पांढऱ्या आणि जिथं जिथं काही संपतं किंवा सुरू होतं, तिथं गडद चॉकलेटी कड. पायरी, उंबरा, चौकट, कोनाडा, माठाची तिवई, पलंगाचे पाय. बाहेरचं दार तेवढं आख्खं चॉकलेटी.

मार्थामामी दारात आल्या. छोट्या चणीची, नीटनेटकी बाई, पदर पिनेनं लावलेला. मी नाव सांगताच म्हणाल्या, "खुटबावची व्हय? पायरी पुसलेली?"

माझा चेहरा त्यांना दिसला नसावा, पण बहुधा ऐकू आला. "बसा बसा. चा करती," म्हणत त्या आत वळल्या. चहा त्यांनी एकटीनं केला. ओट्याच्या कडेवरून तळहात फिरवत गॅसपाशी गेल्या, चॉकलेटी फळीवरून पांढरा डबा बरोबर उचलला. कप आणून माझ्या हातात दिला, बशीत थेंब नाही.

"लोकं म्हंत्यात, याकोबनं घराला काजळ घातलंय," त्या बसत म्हणाल्या. "म्हणू द्या. मला हे घर दिसतं. दुसऱ्याच्या घरात गेलं की नुसतं धुकं आसतं. आन् ह्यांचे कपडे पांढरे का, ठावं हाय? चॉकलेटी दारात पांढरं हललं की मला कळतं, आलं मानूस."

मामा कोपऱ्यात बसून ब्रशाचे केस सरळ करत होते.

नाताळाच्या आधी घराला रंग द्यायची त्यांच्याकडे रीत. मामा दरवर्षी त्या वेळी मार्थामामींना चुलीपाशी उभं करतात, स्वतः दारापाशी जाऊन विचारतात, "दिसती का गं?" त्या म्हणतात, "जरा जाड करा." पहिल्या वर्षी कड एक बोट होती. मग दीड झाली, मग दोन. डॉक्टरकडे कागद होते, मशीन होतं, पण मामींची नजर किती उरली याचं खरं माप त्या चौकटींवर होतं, आणि मामा ते दरवर्षी स्वतःच्या हातानं काढत होते.

"सगळी म्हणली पुण्याला जा," मामी म्हणाल्या. "लेक, जावई, शेजारपाजार. ह्यांनी एकट्यानं माझी कड घेतली." बोलता बोलता त्यांचं बोट खुर्चीशेजारच्या चौकटीवरून वरखाली फिरत होतं. त्यांनी तो शब्द एकाच अर्थानं वापरला होता. मला दोन्ही ऐकू आले.

मी कशी माफी मागावी ते जुळवत होते तोवर मामाच म्हणाले, "उद्या येतो मी. आत्यास्नी सांगा, पायरी आता हलनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते आले आणि पुसलेली प्रत्येक रेघ पुन्हा जागेवर गेली. आत्या अंथरुणावरून लक्ष ठेवून होत्या. "नक्षी चांगली हाय," त्यांनी निकाल दिला, "पोरीला हौस हाय घर सजवायची." आता गावातल्या दोन घरांनी तशी पायरी करून घेतली आहे. ती फॅशन माझी आहे असं तिथं समजतात आणि आत्या ते समजू देतात.

तेव्हापासून नाताळाच्या आसपास मी शिरूरला जाते, आमच्याकडचा गूळ घेऊन. दारात शिरताना माझी नजर आधी चौकटीवर जाते. दोनाची तीन बोटं झाली होती. मग चार. गेल्या साली आख्खा पंजा. मामा म्हणत, "अवंदा रंग लई लागला," आणि विषय गुळावर नेत.

या वर्षी गेले तेव्हा दार उघडंच होतं. मामा थकलेले दिसले. बाहेरची कामं त्यांनी सोडली आहेत. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंतच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, ते एक नवी कड मारत होते, पुन्हा दोनच बोटं रुंद. मला क्षणभर आनंद झाला. मग मी रंगाच्या डब्यात पाहिलं. रंगात बारीक चाळलेली वाळू होती.

सुरुवातीचा भाग वाळला होता. मी हात लावला. बोटाला रेघ खरखरीत लागत होती, डोळे मिटूनही सुटली नसती.

मार्थामामी आत चुलीपाशी उभ्या होत्या. मी आवाज खाली आणला. "मामा, आता मग... कुठलाही रंग चालला असता की."

त्यांनी कालवण्याची काठी डब्याच्या काठावर निथळली. काळा, तांबडा, पिवळा, तिन्ही डबे शेजारी उघडे होते. त्या दिवशी घोंगड्यासाठी बसले होते तसेच ते आजही छटा जुळवत बसले होते.

"तिनं इचारलं, कंचा दिला, तर? खोटं सांगू व्हय?"

आतून आवाज आला. "झालं का? लेकीचा फोन यील आता. तिला काय सांगायचं?"

"थांब जरा. दाराजवळचं वल्लं हाय आजून."

पण त्या निघाल्या होत्या. उजव्या हाताचं एक बोट त्या खरखरीत रेघेवर टेकवलं, डावा हात पुढं धरला आणि एकेक पाऊल टाकू लागल्या. फॉल लावताना साडीचा काठ जसा चिमटीतून सरकत जात असेल, तशी ती कड त्यांच्या बोटाखालून सरकत होती. मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात पुढं आले, मग त्यांनी ते पाठीमागं नेऊन धरून ठेवले. माजघराचा उंबरा आला. त्या थांबल्या, पायानं चाचपला, ओलांडला. वाळलेला रंग संपला आणि ओला सुरू झाला. बोट ओल्यातून तसंच पुढं आलं आणि हात बाहेरच्या दाराच्या फळीवर टेकला.

"आलं का वं दार?"

"आलं."

"मग सांगा तिला, आली म्हणून." त्यांनी बोट नाकाशी नेऊन वास घेतला. "वल्लं व्हतं व्हय? चॉकलेटीच दिलाय न्हवं?"

"चॉकलेटीच."

"दुसरा येतोय कुठं तुमाला." त्या हसल्या आणि बोट वर धरून तशाच उंबऱ्यात उन्हाला बसल्या.

ओल्या कडेवर दाराजवळ हातभर लांब चर उमटला होता, वाळू बाजूला झालेली, मधून पांढरी भिंत दिसत होती. आमच्याकडे असा माल आला असता तर मी तो तिथंच अडवला असता. मामांनी ब्रश उचलला, त्या खुणेपाशी नेला. मी वाट पाहत होते. त्यांनी तो चर नीट पाहिला आणि ब्रश खाली घेतला.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजायला अजून बराच वेळ होता. याकोबमामांनी ब्रश टर्पिनमध्ये खळबळला, पुसला, झाकणावर चारी बाजूंनी अंगठा दाबून डबा बंद केला आणि जाऊन मार्थामामींच्या शेजारी बसले.